हेकरूच्या जबड्यापुढे पायल

घनसावंगीच्या विहिरीत पोहायला शिकलेली पायल जालन्याच्या प्रदर्शनात मोठ्या मत्स्यालयाची काच घासायच्या कामाला लागली. पाठीला हवेचं नळकांडं बांधून खाऱ्या पाण्यात उतरायचं, शेवाळ काढायचं. पाण्याचं भय तिला ठाऊकच नव्हतं. पण खडकाआडच्या वासराएवढ्या हेकरू माशाला ती पहिल्या दिवसापासून भ्यायची.

एकदा काच घासताना ती वळली, तर हेकरू समोरच. जबडा वासून, अगदी स्तब्ध. पाठीमागे काच, पळायला जागा नाही. तेवढ्यात बोटाएवढा निळा मासा त्या जबड्यात शिरला. गेला बिचारा, असं वाटून तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा तो मासा कल्ल्यातून आरामात बाहेर येत होता. मग तसाच दुसरा आला आणि त्यानं हेकरूचा कचकन लचका तोडला. हेकरू उसळला. शेपटीच्या तडाख्यानं पायलच्या तोंडातली नळी निसटली. नाकातोंडात खारट पाणी! कशीबशी ती वर आली. मत्स्यालय सांभाळणाऱ्या मालवणच्या कल्याणनं तिला ओढून घेतलं.

"मी न्हाई उतरत आता," ती खोकत म्हणाली. "खाऊन टाकंल ते मला!"

"तो खायला नव्हता आला, पायल. अंग साफ करून घ्यायला आला होता. निळा मासा त्याच्या अंगावरचे किडे खातो. त्याचं पोट भरतं, याचा त्रास जातो. पोवळ्यांच्या खडकांत असंच चालतं. दुसरा मात्र लबाड. तेच रूप घेऊन मांस तोडतो. त्याला काढायला हवा, नाहीतर हेकरू बिथरलेलाच राहील. माझा कान फुटलाय, मला उतरता येत नाही."

"मंग वळखू कसा?"

"खऱ्याचं तोंड टोकाला, लबाडाचं नाकाखाली."

घरी आई नंदाबाईला तिनं काही सांगितलं नाही. आईनं पुन्हा जाऊच दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी जाळी घेऊन ती उतरली. हेकरूनं जबडा उघडला, हातभर अंतरावर. दोन निळे मासे आले. एकाचं तोंड नाकाखाली होतं. पायलनं जाळी मारली, लबाड आत अडकला. हेकरूचा डोळा तिच्यावर फिरला. पण तो हलला नाही. खरा मासा निवांत त्याच्या दाढांमधून फिरत राहिला.

वर येऊन ती ढसाढसा रडली. प्रदर्शन उठेपर्यंत काम तिनं सोडलं नाही. पण रोज उतरण्याआधी हेकरू कुठं आहे ते ती काचेतून बघून घ्यायचीच.