डिंक घातलेलं पाणी
बाळांनो, तुमची आत्या अणुभट्टीसाठी नेमकं काय शोधते, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत, आणि आज शेजारी भिजवलेल्या चुन्याच्या वासाने मला तिरोड्यातल्या आमच्या घरातली एक गोष्ट आठवली. आत्या तेव्हा शिकत होती. पाण्यात ॲल्युमिना नावाच्या पांढऱ्या भुकटीचे डोळ्यांना न दिसणारे कण मिसळले, तर ते भट्टीतली उष्णता लवकर वाहून नेईल, हा तिचा विषय. पण बाटलीतले कण रात्रीतून तळाशी बसत, आणि कण पाण्यात टिकतात हे दोन दिवसांत सरांना दाखवता आलं नसतं तर विषय सोडावा लागणार होता. आमच्याकडे भिंतींना चुना पोतायला आलेली बाई तिला म्हणाली, "काऊन रडून राहिली वो पोरी? चुना खाली बसते म्हणून आमी डिंक टाकतो. तू बी टाक." आत्याने टाकला. सकाळी बाटली तळापासून वरपर्यंत दुधासारखी एकसारखी होती. पण भट्टीत पाणी तापणारच, म्हणून मग तिने ते गॅसवर ठेवलं. उकळल्यावर काही वेळाने कण पुन्हा खाली. बाई म्हणाली, "आमची भित उकळते का वो?" आत्या हसली आणि झालं ते सगळं वहीत लिहून सरांकडे गेली. कण कुठे टिकतात आणि कुठे बसतात हे निदान कळलं, म्हणून सरांनी विषय तिच्याकडेच ठेवला. उकळत्या पाण्यात डिंकाऐवजी काय घालावं, हा प्रश्न अजून शिल्लक आहे, आणि आत्या तेच शोधते.