उजव्या बाजूचा बांध

बांध मी फोडला. दोन गड्यांच्या हातात टिकाव देऊन, छत्री धरून उभा राहिलो आणि फोडून घेतला. सरकारी पंचनाम्यात मात्र 'अतिवृष्टीमुळे' असं लिहिलं गेलं, आणि त्याखाली माझी सही आहे.

नव्वदच्या दशकात चंदगड तालुक्यातल्या एका खडी क्रशरवर मी सुपरवायझर होतो. सोमवारी कोल्हापुरातून एसटीनं जायचं, शनिवारी परतायचं. खडी विकली जायची, उरायची ती राखाडी भुकटी. तिला तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून उताराच्या कडेला तिचा डोंगर झाला होता. तिकडच्या पावसात पंधरा-पंधरा दिवस कपडे वाळत नाहीत. भुकटी वाहून जाऊ नये म्हणून ढिगाच्या पायथ्याशी मोठा खड्डा आणि मातीचा बांध होता. पाणी तिथं थांबायचं, गाळ तळाशी बसायचा, निवळ पाणी पाइपातून ओढ्याला जायचं. फक्त दर मे महिन्यात तो खड्डा उपसावा लागे.

खालच्या अंगाला एका बौद्ध कुटुंबाचं भाताचं शेत होतं. नवरा गडहिंग्लजला नोकरीला; शेत बाईच बघायची. उन्हाळ्यात ती न चुकता वर यायची.

"सायब, खड्डा उपसलासा काय?"

"उपसतो की, मावशी."

"तुमचं उपसतो म्हंजे चंदगडची एसटी. येतीया येतीया म्हणत दिस मावळतोय!"

गडी हसले. मीही हसलो. त्या वर्षी मालकानं जेसीबी दुसऱ्या कामावर नेला आणि मी परत मागितला नाही. खड्डा तसाच राहिला.

भाताची लावणी झाल्यावर पाऊस तीन दिवस थांबला नाही. गाळानं भरलेल्या खड्ड्यात पाणी मावेना. ते मागं फुगून क्रशरच्या मोटारीच्या शेडकडं चढू लागलं. बांध कुठंतरी फोडणं भाग होतं.

"डावीकडं फोडूया," म्हातारा गडी म्हणाला. "तिकडं काजू हायती. झाडास्नी काय हुत न्हाय, गाळ मागनं काढता येतोय. उजवीकडं भात हाय, सायब."

काजूची बाग गावच्या पुढाऱ्याच्या भावाची होती. मी म्हणालो, "उजवीकडं."

दुसऱ्या दिवशी तलाठी आले. शेतात वीतभर राखाडी चिखल होता, भाताचे फक्त शेंडे दिसत होते. मावशी मधोमध उभी होती.

"डोंगराचा गाळ आलाय," मी तलाठ्यांना सांगितलं.

तिनं मूठभर चिखल उचलून माझ्यापुढं धरला. "आमच्या डोंगराची माती तांबडी हाय, पावणं. ही कुठल्या डोंगराची?"

तलाठ्यांनी खाली बघत लिहिलं. मी सही केली.

ऊन पडल्यावर तो चिखल सिमेंटसारखा घट्ट झाला. पुढच्या वर्षी नांगर लागला नाही, त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. घरचा तांदूळ खाणारं ते घर विकतचा खाऊ लागलं. ती काजू फोडायच्या कारखान्यात जाऊ लागली. एकदा स्टँडवर दिसली. टरफलाच्या तेलानं बोटं काळी पडून सोलली होती. मी खांबाआड झालो.

क्रशर बंद पडला, मी नोकरी बदलली. दहाएक वर्षांनी, केस पिकल्यावर, एका दुपारी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. नवरा निवृत्त होऊन घरी होता. तिनं मला लगेच ओळखलं. पाणी दिलं, बसा म्हणाली नाही.

"बांध मी फोडला होता," मी म्हणालो.

"ते त्याच दिशी कळलंतं. तुमचाच गडी सांगून गेलता."

"मग बोलला नाहीत?"

"कुणाम्होरं बोलायचं? कागुद तुमचा, तलाठी तुमचा. हे सांगाय एवढ्या लांब आलासा व्हय?"

"नाही. उजवीकडंच का, ते सांगायला आलो. डावीकडं फोडला असता तर कुणाचंच फार बिघडलं नसतं. पण त्या बागवाल्याची मला भीती होती, तुमची नव्हती. ही बौद्धवाड्यातली माणसं, यांच्या मागं कोण उभं राहणार, असा विचार मी केला. पाऊस कोसळत असताना, शुद्धीवर राहून केला. मावशी, दादा, मी तुमचा गुन्हेगार आहे. मला माफ करा."