काचघरातली कणी

चैताली आठ वर्षांची असताना एका सकाळी पाथर्डी फाट्याजवळच्या त्यांच्या मळ्याशी एक जीप येऊन थांबली. आतली माणसं मुंबईची होती. अंजनेरीच्या पायथ्याशी त्यांना टीव्हीच्या मालिकेचं शूटिंग करायचं होतं आणि ती त्र्यंबकचा रस्ता विचारायला उतरली होती. चैतालीचे वडील सावळीराम झेंडूचे क्रेट भरत होते. आई लता मेथीच्या जुड्या बांधत होती. चैताली बांधावर बसून पाहुण्यांकडे एकटक बघत होती.

त्यांच्यातला दाढीवाला, म्हणजे दिग्दर्शक, तिच्यापाशी उकिडवा बसला. नाव विचारलं, शाळा विचारली. तिनं मान हलवून उत्तरं दिली. तो उठला आणि सावळीरामला म्हणाला, "आम्हाला अशीच मुलगी हवी होती. हिचे डोळे असे आहेत की ही फार लांबून कुठून तरी बघतेय असं वाटतं."

"ती तशीच हाय," लता म्हणाली. "बोलतच नाय फार."

मालिकेचं नाव होतं 'वस्ती क्रमांक नऊ'. पुढच्या कुठल्या तरी शतकात काही माणसं दूरच्या ग्रहावर राहायला जातात. तिथली हवा विषारी असते. त्या वस्तीत जन्मलेलं एकुलतं एक मूल म्हणजे कणी. मोठी माणसं अंतराळातले पोशाख घालून बाहेर कामाला जातात. कणीच्या मापाचा पोशाखच नसतो, म्हणून ती दिवसभर काचेच्या घुमटात बसून त्यांची वाट बघते. तिनं दुसरं मूल कधी पाहिलेलंच नसतं.

चैताली कणी झाली. रंगपंचमीनंतर शूटिंग सुरू झालं. अंजनेरीच्या काळ्या कातळावर जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा घुमट उभारला होता. त्याला एकच दार, आणि त्याची कडी बाहेरून. सेटवर दुसरं मूल नव्हतं. मोठी माणसं तिला बिस्किटं द्यायची, गालगुच्चे घ्यायची आणि काम संपलं की पत्ते कुटायला बसायची. रुपेरी कपडे मळतील म्हणून तिला पळायला, मातीत बसायला मनाई होती. लता रोज तिच्याबरोबर यायची आणि कॅमेऱ्याच्या मागे एका दगडावर बसायची. घुमटात बसल्या बसल्या चैतालीनं मान वळवली की आईचं हिरवं लुगडं दिसायचं. तेवढं दिसलं की ती सांगतील ते करायची.

मेमध्ये शेवटचा प्रसंग घ्यायचा होता. वस्ती सोडून सगळे परत निघतात. यानात जागा कमी असते आणि कणी एकटी मागे राहते, असा तो प्रसंग. दोन-तीनदा घेऊन झाला, पण चैताली रडेना. दिग्दर्शक लताजवळ आला.

"ताई, तुम्ही जरा जीपच्या मागे जाऊन उभ्या राहा. तिला काही सांगू नका. पाच मिनिटांचं काम आहे."

लताला त्यात काही वावगं वाटलं नाही. पदर सावरून ती जीपच्या आड गेली.

दार बाहेरून लागलं. आत ऊन कोंडलं होतं. चैतालीनं मान वळवली तर दगड रिकामा. तिनं दुसरीकडे बघितलं, तिसरीकडे बघितलं. मग ती उठली आणि दोन्ही हातांनी भिंतीवर थापा मारत ओरडायला लागली, "आई! दार उघड! आई, दार उघड ना!" प्लॅस्टिक जाड होतं, शेजारी जनरेटर धडधडत होता. बाहेर कुणालाच काही ऐकू आलं नाही. कॅमेरा चालू राहिला. शेवटी ती खाली बसली, गुडघ्यात डोकं घातलं, आणि बाहेर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दार उघडलं तेव्हा लता धावत आली. "लय भारी केलंस गं!" म्हणत तिनं तिला उचललं. दिग्दर्शकाचे डोळे पाणावले होते. चैतालीनं आईचं लुगडं मुठीत घट्ट धरलं. सगळे खूश होते.

पावसाळ्यानंतर मालिका दाखवायला लागले. दर रविवारी सकाळी निम्मी गल्ली त्यांच्या घरात जमायची. पहिल्या दिवशी कणी पडद्यावर आली, तोंड उघडलं, आणि चैतालीनं चमकून आईकडे पाहिलं. तो आवाज तिचा नव्हता. गोड, घंटीसारखा, शहरातल्या मुलीचा आवाज होता तो. कणीच्या तोंडी मळ्यातली बोली शोभणार नाही म्हणून मुंबईत दुसऱ्याच कुणाकडून तो भरून घेतला होता. हे घरी कुणी सांगितलेलं नव्हतं.

शाळेत मुली तिच्याभोवती गोळा व्हायच्या. "कणीसारखं बोल ना!" ती बोलायची, आणि मुली एकमेकींकडे बघायच्या. बाकावर शेजारी बसणारी शुभांगी एके दिवशी म्हणाली, "ही ती नाहीये. टीव्हीतली वेगळीच आहे. ही उगाच सांगते."

"मीच हाय," चैताली म्हणाली.

"बघा, कणी कधी 'हाय' म्हणते का?"

सगळ्या हसल्या. त्यानंतर चैतालीनं वर्गात बोलणं जवळजवळ सोडलं. बाईंनी विचारलं तर उत्तर द्यायची, तेवढंच.

शेवटचा भाग लागला त्या रविवारी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर ती भिंतीवर थापा मारत होती, तोंड मोठं उघडून ओरडत होती, आणि तो गोड आवाज म्हणत होता, "जा! तुम्ही जा! मी इथे थांबेन!" बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. लताही रडली. चैताली दाराच्या चौकटीला टेकून स्वतःच्या ओठांकडे बघत होती. आपण काय म्हणतोय हे तिला स्वच्छ दिसत होतं. इतक्या माणसांत ते दुसऱ्या कुणालाही दिसत नव्हतं.

पुढं वर्षानुवर्षं लता त्या प्रसंगाचं कौतुक सांगायची. पाहुणे आले, लग्नाकार्यात कुणी भेटलं की हटकून, "किती खरं रडली होती आमची चैती!" मालिकेचा दुसरा भाग काढणार होते, तो निघाला नाही. कणीला लोक हळूहळू विसरले. चैतालीला मात्र दार बंद केलेल्या खोलीत बसवेना, अंघोळीच्या वेळीसुद्धा ती कडी अर्धीच लावायची. घरचे म्हणायचे, वेंधळी आहे.

बारावीनंतर तिनं प्रयोगशाळेतल्या कामाचा कोर्स केला आणि शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका लॅबमध्ये नोकरीला लागली. रक्त घ्यायचं, नळ्यांवर नावं लिहायची, यंत्रापाशी बसायचं. बोलायचं काम कमी होतं, ते तिला बरं होतं. बाविसाव्या वर्षी सिन्नरकडचं एक स्थळ आलं. पोहे झाले, चहा झाला आणि मुलाची आत्या म्हणाली, "तूच ना गं ती टीव्हीतली? तो शेवटचा सीन करून दाखव की जरा!" सगळे हसत हसत वाट बघायला लागले. चैताली ट्रे तिथंच ठेवून आत निघून गेली. ते स्थळ परत आलं नाही.

"एवढं काय झालं असतं करून दाखवलं तर?" लता म्हणाली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, २००८ साली, लॅबमध्ये साठीच्या एक बाई आल्या. साखर तपासायची होती. चैतालीनं त्यांच्या दंडाला पट्टा बांधला.

"माझी शीर लवकर सापडत नाही हं," बाई म्हणाल्या. "सगळ्याच जणी वैतागतात माझ्यावर."

चैतालीचा हात थांबला. आवाज थोडा जाड झाला होता, पण तळाशी तीच घंटी होती. तिनं रक्त घेतलं, कापूस लावला, आणि धीर करून विचारलं, "तुम्ही टीव्हीवर काम करायचा का?"

"माझं तोंड कोण दाखवणार टीव्हीवर! मी आवाज द्यायचे. लहान मुलांचे."

"कणीचा?"

बाईंनी मान वर केली. डोळ्यांकडे नाही, तिच्या ओठांकडे त्या बघत राहिल्या. "पुन्हा बोल बरं काही तरी."

"काय बोलू?"

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "चैताली. तू चैताली आहेस. शेवटी नावं यायची ना, त्यात दर आठवड्याला वाचायचे मी तुझं. माझं नसायचंच."

त्यांचं नाव मंगलाबाई. मुंबईचं घर आवरून त्या इंदिरानगरला मुलाकडे राहायला आल्या होत्या. मुलगा-सून दिवसभर कामावर असायचे, नातवंडं नव्हती. त्यांनी रविवारी घरी बोलावलं आणि चैताली गेली.

चहा पिता पिता मंगलाबाई जुनं सांगत होत्या. अंधाऱ्या खोलीत एकटीनं बसायचं, पडद्यावर तुकडा फिरवून फिरवून दाखवायचे, त्या ओठांवर आवाज बसवायचा. "वर्षभर मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू कधी दमलीस, कधी तुला भूक लागली, मला सगळं कळायचं." त्यांनी बशी बाजूला सारली. "शेवटचा भाग आला तेव्हा मी त्यांना म्हटलं, अहो, ही पोर संवाद म्हणत नाहीये. ही आईला हाका मारतेय. ते म्हणाले, बाहेरून कुणाला कळतंय, तुम्ही बसवा आवाज. मी बसवला." त्यांनी विचारलं, "दार उघड म्हणत होतीस ना?"

चैतालीनं कप खाली ठेवला. "हो," ती म्हणाली. मग ती रडायला लागली. मंगलाबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. गप्प हो असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर चैताली बहुतेक रविवारी जायची. त्या दोघी फार काही बोलायच्या असंही नाही. वाटाणे सोलायच्या, मंगलाबाई देवळापर्यंत फिरायला जायच्या तेव्हा ही बरोबर असायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा घरी ओट्यापाशी पोळ्या लाटताना तिनं आईला सांगितलं, त्या दिवशी घुमटात मी तुलाच हाका मारत होते, दार उघड म्हणून. कसलीही प्रस्तावना न करता सांगितलं.

लताचा तव्यावरचा हात थांबला. "मी जीपच्या मागंच होते," ती म्हणाली. "पाच मिनिटं म्हणाला होता तो."

"मला माहीत नव्हतं, आई."

"मला ऐकू नाय आलं गं. खरंच नाय आलं." पोळी करपल्याचा वास आला तशी तिनं ती उतरवली. जेवताना तिनं अर्धीच पोळी खाल्ली. सावळीरामनं दोनदा विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, डोकं दुखतंय.

चैतालीला वाटलं होतं, सांगितलं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट आता घरात दोघींना ते माहीत होतं आणि दोघीही त्याच्या कडेकडेनं चालत होत्या.

मंगलाबाईंच्या मुलाची त्या पावसाळ्यात नागपूरला बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढवलं त्या दिवशी चैतालीनं रजा काढली. मंगलाबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि गाडीत बसल्या. आधी फोन आठवड्याला यायचे, मग महिन्याला. नागपूरला त्यांची साखर वाढली होती, डोळ्यांना कमी दिसत होतं.

रविवार पुन्हा रिकामे झाले. चैताली इंदिरानगरच्या रस्त्यानं एक-दोनदा गेली, तर त्या गॅलरीत दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत होते. मग तिनं जाणं सोडलं. रविवारीही लॅब अर्धा दिवस उघडी असते, तिथली पाळी तिनं मागून घेतली. इतर मुलींना घरी राहायचं असतं, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. दुपारी एकला ती शटर ओढते, द्वारकेच्या कोपऱ्यावर रिक्षासाठी उभी राहते, आणि फाट्यापर्यंत पुढच्या सीटवर, उघड्या बाजूला बसून येते.