फ्रेम १८१ ते १९२

बावीस वर्षं मी वाराणसीतल्या एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर काम केलं. बातमीत 'चमत्कार' हा शब्द आला की माझे तीन प्रश्न ठरलेले असत – कोणी पाहिलं, किती अंतरावरून पाहिलं, आणि दुसरा साक्षीदार कोण? तिसऱ्या प्रश्नापर्यंत बहुतेक चमत्कार टिकत नसत. घाटावरच्या भुतांच्या, स्मशानातल्या आवाजांच्या कितीतरी बातम्या मी स्वतःच्या हाताने केराच्या टोपलीत टाकल्या आहेत. त्याचा पश्चात्ताप आजही नाही.

हे लिहिते आहे ते एवढ्याचसाठी, की या वेळी पहिला साक्षीदार मीच आहे.

आमचं घर दुर्गाघाटाच्या मागच्या गल्लीत. दुसऱ्या मजल्यावर माझा मोठा भाऊ मोरेश्वर, वहिनी आणि त्यांची मुलगी केतकी, तिसऱ्यावर मी. माझे वडील – त्यांना सगळे आप्पा म्हणत – वेदपाठी होते. खालच्या खोलीत त्यांची पाठशाळा होती. आमच्या शाखेत पठण करताना स्वराप्रमाणे उजवा हात हलतो. स्वर चढला की कपाळापर्यंत वर, उतरला की छातीपाशी, तिसऱ्याला बाजूला कानाकडे. नवीन मुलाला हे तोंडी सांगून येत नाही. गुरू त्याचं मनगट धरतो आणि स्वतः हलवतो, महिनोन्‌महिने, हाताला सवय होईपर्यंत. मोरूदादाला आठव्या वर्षी बसवलं होतं. तो चौथ्या दिवशी पळाला आणि पुढे रेल्वेत गेला. मला बसवण्याचा प्रश्नच नव्हता. वर्ग सुरू झाला की मला वर पाठवत. आप्पा गेले, त्यानंतर सात वर्षांनी केतकी जन्मली. ही वर्षं लक्षात ठेवावीत, पुढे कामाची आहेत.

केतकीला ॲनिमेशन शिकायचं होतं. बारावीनंतर तिने एका डिझाइन संस्थेत अर्ज केला, तो परत आला. सोबत एक ओळ होती : चित्रं चांगली आहेत, पण हालचालीला वजन नाही. ती ओळ तिने कागदावर उतरवून टॅबलेटच्या मागे चिकटवली आणि पुण्याच्या एका अंजली मॅडमकडे ऑनलाइन शिकायला लागली.

पहिले दोन महिने फक्त चेंडू. रबराचा चेंडू कसा उसळतो, लोखंडाचा कसा पडतो. मग दोरीला टांगलेला कंदील. मग पायऱ्या उतरणारी बाई, डोक्यावर घागर असलेली आणि नसलेली. एका सेकंदाला बारा चित्रं. ती रोज सकाळी सहा ते नऊ काढायची, मग कॉलेज, मग पुन्हा संध्याकाळी. घागरवाली बाई तिने एकोणीस वेळा काढली. अठराव्या वेळी मला ती बरी वाटली होती. केतकीने ती पुसली.

"चोवीस चित्रं काढायची, आणि चालणार दोन सेकंद?" मोरूदादा म्हणायचा. "अगं, तेवढी काढेपर्यंत आमची पॅसेंजर मुगलसराय गाठून परत येते!"

"आणि ती लेट असते बाबा. मी नाही."

"यंदा शेवटचं हं. नाही जमलं तर कॉलेज संपवून सीधे बी.एड. मग रडायचं नाही."

"ठीक आहे ना. रोना-धोना काही नाही."

अट ठरली. जानेवारीअखेर त्याच संस्थेला तीस सेकंदांची फिल्म पाठवायची होती. विषय तिने नोव्हेंबरात निवडला. आमच्याकडे आप्पांचा एकच बरा फोटो आहे. राजा घाटाच्या पायरीवर ते पठण करत बसलेत आणि उजवा हात कपाळाशी थांबला आहे. महाराष्ट्रातून आलेल्या एका यजमानांनी तो काढून पोस्टाने पाठवला होता. केतकी त्याच्याकडे पाहत मला म्हणाली, "आत्या, यानंतर हात कुठे गेला असेल?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. तेव्हा ते खरंच होतं.

"मग मी काढते."

तिने इंटरनेटवर पठणाचे दोन-तीन व्हिडिओ पाहिले, त्यावरून हाताच्या तीन जागा समजून घेतल्या. आप्पांचा आवाज किंवा व्हिडिओ कुठेच नाही. हात कोणत्या क्रमाने हलवायचा, हे तिने, तिच्याच शब्दांत, "दिसायला छान वाटेल तसं" ठरवलं. फोटो ही पहिली फ्रेम. शेवटच्या, म्हणजे तीनशे साठाव्या फ्रेमला हात गुडघ्यावर येऊन विसावणार. फिल्मला आवाज नाही.

काम असं चालतं : आधी मुख्य जागांची चित्रं काढायची, मग त्यांच्या मधली. मधलं काढताना मागचं आणि पुढचं चित्र पडद्यावर फिकट दिसत राहतं, त्यामुळे रस्ता चुकत नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती फ्रेम १८० वर पोचली. तिथे हात कपाळाशी आहे. १९३ ला तो छातीपाशी. मधली बारा चित्रं, एक सेकंद, हात सरळ खाली येणार. सगळ्यांत सोपा तुकडा.

तिने तो काढला आणि चालवून पाहिला. हात वरून निघाला, उजवीकडे गेला, क्षणभर थांबला, परत आला आणि मग खाली उतरला.

"थकले असेन," ती म्हणाली. बाराही चित्रं पुसली, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली. हात पुन्हा उजवीकडे. तिने वर येऊन मला सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात. "आत्या, तिथे आलं की मनगट जड होतं. बाकी कुठेच नाही होत." मी तिला मलम दिलं आणि दोन दिवस विश्रांती घे म्हटलं. तिने मलम घेतलं.

तिसऱ्या वेळी मी शेजारी बसले. वेळ दुपारी पावणेतीन, खिडकी उघडी, दोन दिवसांच्या धुक्यानंतर स्वच्छ ऊन. फ्रेम १८० मधल्या मनगटापासून १९३ मधल्या मनगटापर्यंत मी पडद्यावर पारदर्शक टेपची एक उभी पट्टी चिकटवली. ठरलं असं, की प्रत्येक चित्रात मनगट त्या पट्टीखाली आलं पाहिजे. केतकी एकेक चित्र काढत गेली, मी पाहून वहीत खूण करत गेले. बारा चित्रं, बारा खुणा. बाराही वेळा मनगट पट्टीखाली होतं. नवव्या चित्राला तिने पेन ठेवून मनगट झटकलं, बाकी काही नाही.

मग तिने चालवलं.

हात उजवीकडे गेला. थांबला. परत आला.

आम्ही एकेक चित्र उघडून पाहिलं. १८४ ते १८९ मध्ये मनगट पट्टीच्या बाहेर होतं, १८६ ला सगळ्यांत जास्त, दोन बोटं. पट्टी जागची हलली नव्हती. माझ्या वहीत बारा खुणा होत्या. काढून झालेल्या प्रत्येक चित्राचा फोटो मी घ्यायला हवा होता. तो घेतला नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही चूक शोभत नाही, आणि वाचकांनी ती माझ्या नावे लिहून ठेवावी.

मला वाटलं, पोरगी घाबरली असेल. तिने पेन उचललं.

"ठीक आहे. चौथ्यांदा."

"थांब," मी म्हटलं. "आधी मॅडमना विचार."

अंजली मॅडमनी फाइल त्यांच्या संगणकावर उघडली. तिथेही तेच. काढलेलं चित्र ॲप आपोआप सरकवत नाही, हे त्यांनी ठामपणे सांगितलं. आणि म्हणाल्या, "हा अडखळा काढून टाक. पाहणाऱ्याला वाटेल तुझी चूक झाली. नसेल जमत, तर मधली चित्रं संगणकाकडून करून घे." केतकीने तसं केलं. संगणकाने काढलेला हात सरळ, गुळगुळीत खाली आला. दोन्ही फाइली तिने शेजारी शेजारी ठेवल्या. मुदतीला सहा दिवस होते.

"संगणकवाली बरोबर आहे," ती म्हणाली. "पण तिला वजन नाहीये, आत्या."

मी तेच सुचवलं जे डेस्कवर सुचवलं असतं : जाणकाराला दाखव. आप्पांचे सगळ्यांत जुने शिष्य विष्णू गुरुजी दशाश्वमेधच्या मागे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही गेलो. निघताना केतकीला बजावलं, अडखळ्याचं एक अक्षर बोलायचं नाही. फक्त दाखवायचं.

"ये शुभा. आणि ही मोरूची ना?" गुरुजींनी टॅबलेट हातात घेऊन उलटासुलटा केला. "हे शाम्पूच्या जाहिराती दाखवतं तेच ना? थांबा, चष्मा आणू दे. नाही तर आप्पांचा हात कद्दूसारखा दिसायचा."

फिल्म सुरू झाली. चार-पाच सेकंदांत गुरुजी पुटपुटायला लागले. मग त्यांचा स्वतःचा हात उठला आणि पडद्यावरच्या हाताबरोबर चालू लागला. तोंडात एक मंत्र होता. केतकीने मनाने लावलेल्या क्रमाला तो जुळत होता. जागा तीनच असल्यामुळे असा मेळ योगायोगाने बसू शकतो, आणि त्याला मी पुरावा धरत नाही.

पंधराव्या सेकंदाला गुरुजींचा हात सरळ खाली आला. पडद्यावरचा उजवीकडे गेला.

गुरुजी थांबले. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसला.

"परत लाव."

केतकीने परत लावली. त्यांनी या वेळी हात उचलला नाही.

"पोरी, हे तुला कोणी दाखवलं?"

"कोणीच नाही गुरुजी. मी काढलं."

"कसं काढशील? हे आम्हाला घ्यायची मनाई होती." ते माझ्याकडे वळले. "शुभा, आप्पांना त्यांच्या गुरूंनी हा मंत्र दिला ना, तेव्हा गुरूंना ताप होता. मनगट धरलेलं, आणि त्यांचा हात एके ठिकाणी बाजूला घसरला. आप्पांच्या हाताने तेच धरलं. पुढे जन्मभर तिथे हात आधी बाजूला जायचा. मग त्यांच्या लक्षात यायचं, थांबवायचे, परत आणायचे, आणि खाली. आम्हाला सांगायचे, हे माझं आहे, तुम्ही घेऊ नका. जीभ सुधारते रे, म्हणायचे, हात सुधारत नाही. आमची मनगटं धरायचे तेव्हा त्या जागी सोडून द्यायचे. म्हणायचे, इथे तुझा तू ये."

मग केतकीने विचारलं, आणि तिचा आवाज अगदी कामाचा होता :

"गुरुजी, मला हे पाठवायचं आहे. ठेवू की काढून टाकू? मॅडम म्हणतात चूक दिसेल."

"चूकच आहे ती." त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "शेवटी खाली येतो ना?"

"येतो."

"मग राहू दे."

गुरुजींच्या सांगण्याला दुसरा साक्षीदार मी त्याच संध्याकाळी शोधला. आप्पांचे आणखी एक शिष्य नाशिकला असतात. विष्णू गुरुजींशी त्यांचं वर्षानुवर्षं बोलणं नाही. कारण जुनं आहे, इथे सांगण्यासारखं नाही. फिल्मबद्दल काही न सांगता मी फोनवर एवढंच विचारलं, आप्पांच्या हातात काही वेगळं होतं का? ते हसले. "एका ठिकाणी बाजूला जाऊन यायचा की! पण ते त्यांचं होतं. आम्हाला घेऊ देत नसत."

फोन ठेवल्यावर मी मोरूदादाला खुर्चीत बसवून हात वरून खाली आणायला लावला, दहा वेळा. दहाही वेळा सरळ. "तू पण पागल झालीस का?" तो म्हणाला. मग केतकीने त्याला फिल्म दाखवली. पंधराव्या सेकंदाला तो पडद्याकडे वाकला. फक्त म्हणाला, "कधी पाठवायची आहे? उद्या लाइट जाणार म्हणतात, आजच पाठव."

तिने अडखळ्याची फाइल पाठवली. मे महिन्यात प्रवेश मिळाला. या वेळी वजनाबद्दल कोणी काही लिहिलं नव्हतं. मुलाखतीत एका परीक्षकाने विचारलं, तिथे हात थांबवायची कल्पना तुमची का? तिने सांगितलं, नाही, आजोबांची. त्यांना वाटलं, तिने आजोबांना पाहून काढलं असणार. तिने खुलासा केला नाही.

मी केला आहे, जेवढा करता आला तेवढा. मी लहानपणी जिन्यातून कधी पाहिलं असेल आणि नकळत केतकीला दाखवलं असेल, हेही धरून पाहिलं. पण मग माझ्या वहीतल्या बारा खुणांचं काय करायचं, ते मला कळत नाही. वही जपून ठेवली आहे. टेपची पट्टीही त्याच पानावर चिकटवून ठेवली आहे. स्पष्टीकरण नाही.

केतकी आता होस्टेलवर आहे. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, सतराशे चित्रं झाली या सेमिस्टरला. मी विचारलं, मनगट कसं आहे?

"एकदम हलकं. त्यानंतर कधीच जड नाही झालं." पलीकडून पेन घासल्याचा आवाज येत होता, ती बोलता बोलता काढतच होती. "आता वजन मलाच घालावं लागतं, आत्या."