वीज बंदची चाचणी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, लेकीला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हाही भित्रेपणाच?

चितेगावच्या एका कारखान्यात आम्ही विमानाच्या इंजिनाचे इंधनपंप तपासायचो. विमानाच्या टाकीत विजेची मोटर असते, ती इंजिनाकडे इंधन ढकलते. उंचावर वीजच गेली तर? मग इंजिनाच्या पंपानं स्वतः इंधन ओढायचं. तिथं हवा विरळ. इंधनात बुडबुडे धरतात, धार तुटते. म्हणून टाकीतली हवा कमी करून, मोटर बंद ठेवून आम्ही पंप चालवून बघायचो. मोटरचं बटण माझ्याकडे. काचेच्या नळीत बुडबुडे बघून नोंद करायचा उत्तम — हर्सूलचा, माझ्याहून लहान, कामाला एकदम पक्का.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. शहरात दगडफेक झाल्याची आवई उठली, कंपनीची बस लवकर सुटणार म्हणाले. मोटर बंद केली की दर चाचणीला वेळ लागे. शेवटच्या सहा पंपांना — मी ती बंद केलीच नाही. पलीकडून उत्तमला बटण दिसत नसे. मोटर ढकलत असल्यानं नळी स्वच्छ दिसली, त्यानं तसं लिहून सही केली.

त्यातले दोन परत आले. विमान जमिनीवर असतानाच त्यांचा दोष सापडला, कुणाचा जीव गेला नाही.

साहेबांनी मला एकट्याला बोलावलं. तेव्हा तरी खरं बोलायचं ना? मी म्हणालो, "साहेब, त्याचं ध्यान हल्ली नामांतरात असतंय." उत्तम मोर्चाला जायचा, पण रजा टाकून. कामावर आला की कामातच असायचा. मला हे ठाऊक होतं — आणि माझ्या आडनावाच्या माणसाचं म्हणणं साहेबांना पटकन पटेल, हेही.

त्याला काढलं. निघताना तो माझ्यापाशी थांबला. चिडला असता, शिव्या घातल्या असत्या, तर मला सोसलं असतं.

"दादा, लई इचार केला. बुडबुडे असतीलच. मलाच दिसले नायत."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "होतं रे असं कधी कधी."

पुढं त्यानं तपासणीचं काम कधी धरलं नाही, मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलली. गेल्या वर्षी वारला — चूक आपलीच होती, असं मानून.