गणितवाल्या अक्का

"चुकलं तर चुकलं. कोणी मरतंय का?" असं म्हणून त्या हातातला खडू कानावर खोचायच्या. कानावर खडू आम्ही शिंपी लोक ठेवतो. बाईमाणसाने ठेवलेला मी तेवढाच पाहिला.

राजाजीनगरात आमच्या बिल्डिंगमध्ये त्या वरच्या मजल्यावर, आम्ही नवराबायको खाली. त्या साताऱ्याकडच्या. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, म्हणून लग्न होऊन बेंगळुरात आल्या आणि जन्मभर हायस्कुलात गणित शिकवत राहिल्या. नवरा गेला, नोकरी संपली, पण खोड गेली नाही. संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्यांवर गल्लीतली पोरं बसवायच्या आणि भिंतीवर खडूने गणितं घालायच्या. घरमालक ओरडायचा. त्याला म्हणायच्या, "पुसते हो. उत्तर आल्यावर पुसते."

आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. त्या मला मास्टर म्हणायच्या, कारण या शहरात कपडा बेतणाऱ्याला सगळे मास्टरच म्हणतात. "शिकवते मी आणि मास्टर तुम्ही. हा काय न्याय झाला?" असं दर दोन दिवसांनी ऐकवायच्या.

मी फार शिकलेला नाही. आडपडदा ठेवून लिहायला मला येत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. माझी बायको रुक्मा मागच्या वर्षी गेली. ती वयाने गेली, का मी आकड्याला भ्यालो म्हणून गेली, हे मला माहीत नाही. ज्या एका माणसाला माहीत आहे, त्या माणसाबद्दल मी लिहितो आहे.

गणिताची आवड असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेक जरा कोरडी असतात. अक्का तशा नव्हत्या. त्यांना आकडा म्हणजे खाऊ होता. एकदा आम्ही तिघं चिकपेटला अस्तराचं कापड आणायला निघालो होतो. मी रिक्षा थांबवली, भाव ठरवला, रुक्मा आत बसली, आणि या बाई रिक्षाच्या मागे जाऊन नंबर वाचत उभ्या. रिक्षावाल्याला वाटलं, तक्रार करणार. तो खाली उतरला.

"एक हजार तेरा!" अक्का म्हणाल्या. "मास्टर, ही एकटी संख्या आहे. कोणाच्याच पाढ्यात येत नाही."

"अक्का, बसा आता. ऊन लागतंय."

"अहो, दुसऱ्या कोणाच्याच नाही! फक्त स्वतःच्या!" असं म्हणून त्यांनी रिक्षाच्या पाठीवर थोपटलं, जसं म्हशीच्या पाठीवर थोपटतात. रुक्मा हसून हसून बेजार झाली. चिकपेट येईपर्यंत तिला ठसका लागत होता.

मला हसू आलं नव्हतं. पाढा हा शब्द ऐकला की अजून मी बोटं मुठीत लपवतो. आमचं घराणं या गावात कित्येक पिढ्यांचं. घरात मराठी, शाळेत कानडी. मराठी लिहायला तर मला लग्नानंतर रुक्माने शिकवलं. शाळेत गणिताचे एक सार, म्हणजे सर, होते. बोटांच्या मध्ये पेन्सिल घालून दाबायचे आणि तेराचा पाढा म्हणायला लावायचे. तेरा सक पर्यंत यायच्या आत माझी चड्डी ओली व्हायची आणि वर्ग हसायचा. तिथे मी एकच गोष्ट शिकलो. साराने "तिळियितु?" म्हणजे समजलं का, असं विचारलं की लगेच "तिळियितु सार" म्हणायचं. मान हलवली की मार चुकतो. चौथीत शाळा सोडली आणि मामाच्या शिलाईच्या दुकानात बसलो. मान हलवायची सवय तेवढी बरोबर आली.

अक्कांना ही गोष्ट मी एकदा सांगितली. त्यांनी माझा हात ओढून बोटं बघितली. मग म्हणाल्या, "गणिताला कोणी भीत नसतं, मास्टर. चारचौघांत चुकायला भितात. ज्याला लहानपणी कोणी चुकू दिलं, त्याला गणित आवडतं. एवढाच फरक आहे, दुसरा काही नाही."

"तुम्हाला कोणी चुकू दिलं?"

"वडिलांनी. मी चुकले की ते टाळी वाजवायचे. म्हणायचे, ही वाट बंद निघाली, बरं झालं, आता दुसरी."

घराच्या पुढच्या खोलीतल्या माझ्या दुकानात त्या कधीमधी येऊन बसायच्या. मामाच्या दुकानात टेपेचा वापर कमी. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक लांब कागदी पट्टी असायची. छाती इथे, कंबर इथे, बाही इथे, अशा कात्रीने खाचा मारायच्या आणि पट्टीवर नाव टाकून खिळ्याला लावायची. आकडा नाहीच. मीही जन्मभर तसंच केलं. खाच पाहायची, कापड कापायचं. हाताला कधी चूक झाली नाही.

एक दिवस मी घेराचा परकर बेतत होतो. कमरेची पट्टी घेतली, तिच्या सहा घड्या केल्या, त्याहून स्वल्प आत घेऊन गोल काढला.

"थांबा, थांबा," अक्का उठल्याच. "सहा घड्या का?"

"मामाने सांगितलं."

"आणि स्वल्प आत म्हणजे किती?"

"ते हाताला कळतं."

त्यांनी कपाळावर हात मारला. मग माझ्याकडून दोरा घेतला, डब्याच्या झाकणाच्या आरपार धरून तोडला आणि म्हणाल्या, "आता हा कडेने फिरवा. किती वेळा बसतो ते सांगा." तीन वेळा बसला, वर थोडी फट राहिली. मग ताट घेतलं. तीन वेळा, वर थोडी फट. मग शिलाई मशीनचं चाक. तेच. रुक्मा चहा घेऊन आली, तिच्या बशीलाही आम्ही दोरा लावला. सत्तरीचा मी, जमिनीवर उकिडवा बसून घरातली भांडी मोजत होतो आणि प्रत्येक वेळी तीन आणि थोडं आलं की अंगावर काटा येत होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की या बाईला काय दिसतं.

"पाहिलंत? तुम्ही जन्मभर हेच करत होता," त्या म्हणाल्या. "गणित तुम्हाला येतं. फक्त त्याच्या तोंडाकडे बघायला तुम्ही घाबरता."

रुक्मा म्हणाली, "अक्का, यांना दहा वर्षांचे असताना तुम्ही भेटायला हव्या होतात." खरंच भेटायला हव्या होत्या. सत्तराव्या वर्षी भीतीची मुळं निघत नाहीत. वरून कापली तरी खाली असतात.

पुढे रुक्माची साखर वाढली आणि डॉक्टरांनी रोज सकाळी इन्सुलिन द्यायला सांगितलं. तिचे हात कापायचे, म्हणून टोचायचं काम माझं. अक्कांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं. बाटलीवर चाळीस लिहिलंय, सुईच्या नळीवर पण चाळीस लिहिलंय, हे दोन आकडे जुळलेच पाहिजेत, का जुळले पाहिजेत, एका थेंबात किती जोर असतो. त्या बोलत होत्या आणि मला नुसते ओठ हलताना दिसत होते. कानात तेराचा पाढा वाजत होता.

"समजलं?"

"समजलं, अक्का."

"समजलं म्हणू नका. करून दाखवा."

मी बाटलीत सुई घातली आणि विसाच्या रेघेपर्यंत बरोबर औषध ओढून दाखवलं. अक्का खूश झाल्या. "बघ गं रुक्मा, तुझ्या नवऱ्याचा हात किती स्थिर आहे!"

मी त्यांना फसवलं होतं. त्या आधी करून दाखवत होत्या, तेव्हा औषध कुठवर आलं ते मी डोळ्याने धरून ठेवलं होतं. रात्रीच्या जेवणाआधी कागदाची बोटभर पट्टी कापली आणि तेवढ्यावर खाच मारली. रोज सकाळी पट्टी सुईला लावायची, खाचेपर्यंत ओढायचं, टोचायचं. आकडा वाचायचं कामच नाही. आठ महिने एक दिवस चुकलो नाही. डॉक्टर म्हणाले, साखर छान आहे. मला वाटलं, जिंकलो.

मग अक्का पंधरा दिवसांसाठी मुलीकडे पुण्याला गेल्या. त्याच आठवड्यात बाटली संपली. औषधाच्या दुकानात नेहमीची नव्हती. दुकानदाराने दुसरी दिली आणि कानडीत सांगितलं, ही शंभरची आहे, हिची सुई वेगळी येते, जुनी चालणार नाही. सांगितलं त्याने, त्याचा काही दोष नाही. माझ्या मागे पाचसहा माणसं उभी होती. सगळे माझ्याकडे बघत होते.

"गोत्तायितल्ला?" म्हणजे कळलं ना, असं त्याने विचारलं.

"सरी, सरी. गोत्तायितु," मी म्हणालो आणि मान हलवली.

घरी जुन्या सुया डब्यात होत्याच. बाटली तेवढीच, आतलं पाणी तसंच, सुई तीच. मी पट्टी लावली, खाचेपर्यंत ओढलं.

पहिल्या दिवशी दुपारी तिला थरथर सुटली. दोन केळी खाल्ली आणि बरी झाली. म्हणाली, "वय झालं हो आता." अक्कांचा फोन आला, सगळं ठीक ना? मी म्हटलं, ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी टोचल्यावर तिला घाम फुटला. मला तिच्या भावाच्या नावाने हाक मारायला लागली. मग झोपली. मी म्हटलं, झोपू दे, दमली असेल. पांघरूण घातलं आणि शेजारी बसून काज करत राहिलो. दोन काजं केली. तिसऱ्याला हलवून पाहिलं तर उठेना.

हॉस्पिटलात चार दिवस होती. डॉक्टरांनी विचारलं, इन्सुलिन किती दिलं? मी म्हटलं, रोजचंच. मला तसंच वाटत होतं. किडनी आधीच कमजोर होती, वय होतं, असं ते म्हणाले. पाचव्या दिवशी पहाटे गेली. शेवटपर्यंत डोळे उघडले नाहीत.

अक्का धावत आल्या. दिवसकार्य होईपर्यंत माझं जेवणखाण त्यांनीच बघितलं. तेराव्यानंतर म्हणाल्या, "मास्टर, फ्रिजमधली औषधं काढून टाकते. रोज तुमच्या नजरेला पडायला नकोत." मी पलंगावर बसून होतो. बाटली त्यांनी हातात घेतली. मग डब्यातल्या सुया बघितल्या. त्यातली पट्टी बाहेर काढली.

"ही कसली पट्टी?"

मी सांगितलं. खाच दाखवली. सांगताना मला थोडी लाजच वाटत होती, चोरून नक्कल केलेली पकडावी तशी.

त्या बाटली घेऊन खिडकीपाशी गेल्या. उजेडात धरून वाचली. सुई वाचली. त्यांचे ओठ दोनदा हलले आणि थांबले. पोरांच्या गणिताला त्यांना याहून जास्त वेळ लागायचा. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. साठ वर्षं माणसांची मापं घेतली आहेत मी, माणूस आतून कधी खचला ते मला दिसतं.

"अक्का, जास्त गेलं का?"

त्यांनी सुई परत डब्यात ठेवली.

"किती गेलं? तुम्हाला येतं. सांगा मला."

त्यांनी बाटली ओट्यावर ठेवली. ती आडवी झाली, त्यांनी परत उभी केली.

"मला नाही येत, मास्टर," त्या म्हणाल्या. "हे गणित मला नाही येत."

मग त्या माझ्यासमोर जमिनीवरच बसल्या. "मी तुम्हाला करून दाखवा म्हटलं," असं म्हणाल्या. "का करताय, ते नाही विचारलं. एवढी वर्षं शिकवलं आणि ते विचारायचं राहिलं." मी त्यांना उठवायला गेलो तर माझे हात त्यांनी झिडकारले.

त्यानंतर जिन्यावर पोरं आली नाहीत. आली तरी वरून आवाज यायचा, आज नाही, बरं वाटत नाही. एकदा एक मुलगी भागाकार चुकली म्हणून रडत वर गेली होती. अक्कांनी दार उघडलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला. कानावर खडू नव्हता आणि ते नेहमीचं वाक्यही त्या बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "परत बघ गं. नीट बघ."

दोन महिन्यांनी त्यांची मुलगी येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली. मी सामान टॅक्सीपर्यंत नेलं. बसताना मी पुन्हा विचारलं. एवढंच म्हटलं, "अक्का?" त्यांनी काच वर करून घेतली आणि पुढे बघत राहिल्या. आता त्यांच्या खोल्यांत दोन कंपनीत जाणारी मुलं राहतात. घरमालकाने जिन्याची भिंत रंगवून घेतली.

दुसऱ्या कोणालाही विचारता येईल. औषधवाला सांगेल, वरची ती मुलं फोनवर बघून सांगतील. मी विचारत नाही. मी स्वतःच बसतो. कपडा बेतायच्या जाड कागदावर मी ते तीन आकडे लिहिले आहेत. बाटलीवरचा शंभर, सुईवरचा चाळीस, आणि रोजचा वीस. एकाखाली एक. कशात काय मिळवायचं, कशाला कशाने भागायचं, ते कळत नाही. रोज सकाळी तिला टोचायच्या वेळेला मी त्या आकड्यांसमोर बसतो.

तुम्हाला एव्हाना उत्तर आलं असेल. मला सांगू नका.