ओल्या सारवणावरून

आई टायफॉइडमधून उठली होती. म्हणजे खाटेवर बसू लागली होती, एवढंच. माझं कॉलेजचं पहिलं वर्ष. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. जऊळक्याहून सकाळच्या गाडीने वाशीमला जायचं, आणि त्याआधी पाणी, चूल, भांडी, आईचं अंग पुसणं. वर्गात बसले की फळ्यावरची अक्षरं हलायची.

आमच्या चर्चच्या पाळकांच्या पत्नी म्हणाल्या होत्या, "प्रत्येक काम प्रभूसाठी कर, म्हणजे थकवा लागत नाही." मी मनापासून प्रयत्न केला. भांडी घासताना म्हणायचे, माझं मनही असंच स्वच्छ होऊ दे. पण एखादं पातेलं होईस्तोवर मन झोपेकडे वळायचं. केर काढताना सुरू केलेल्या प्रार्थनेचं आमेन राहूनच जायचं. वाटायचं, माझ्या विश्वासातच काही कमी असेल. कुणाला विचारायचं धाडस नव्हतं.

बाबा रेल्वेत गँगमन होते. माझे बरेच दिवस बुडाले तेव्हा जेवता जेवता ते म्हणाले, "एक दिवस कॉलेज, दोन दिवस घर. असं कोनी शिकते काय? यंदा घरीच राय. आता एक जरी दिवस बुडाला तं नाव काढून टाकू." ते रागावले नव्हते. तेच जास्त लागलं.

त्या शनिवारी संध्याकाळी प्रार्थना सभा आमच्या घरी होती. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, सभा पाळीपाळीने व्हायची. ज्या घरी सभा, तिथली जमीन त्या सकाळी सारवलेली असायची. आमच्याकडे ते आईच करायची आणि मला पुस्तक घेऊन बसवायची. त्यामुळे माझा हात बसलेला नव्हता. पण ठरवलं, निदान हे एक काम तरी प्रभूसाठी नीट करायचं. शेण कालवलं आणि दारापासून सुरुवात केली. मागे सरकत सरकत आतल्या भिंतीशी, आईच्या खाटेला येऊन टेकले. पाठ भरून आली होती, पण जमीन छान दिसत होती.

आई जागी झाली. "अवं, हे काय केलं तुनं? दारापासून सारवत आली? आता बाहीर कशी जाशीन, उडून?"

मी पाहिलं. एकच खोली, एकच दार, आणि मधली सगळी जमीन ओली. मी खाटेच्या कडेवर बसले.

"वाळली का जाईन."

"गाडी थांबन काय तुह्या सारवणासाठी?"

"आज नाही जात. पाय उमटतीन. प्रभूच्या नावानं सारवलं, मीच कशी खराब करू?"

आई म्हणाली, "येशू लोकाइच्या घरी जाये तं आधी जमीन पाहे काय? तुह्या बापानं काय सांगतलं, इसरली? जाय. चाल त्याच्यावरून. माह्या अंगात जोर असता तं ढकललंच असतं तुले."

चपला आणि वह्या हातात घेऊन मी निघाले. प्रत्येक पाऊल उमटलं, टाचेसकट. गाडी मिळाली. बोटांच्या बेचक्यांत शेण वाळत होतं आणि मी खिडकीला डोकं टेकून झोपले.

संध्याकाळी शेजारची काकू दारातच थांबली. "काहून वं, घरात म्हैस शिरली होती काय?"

"म्हैस नाही," आई खाटेवरून म्हणाली, "माही कॉलेजवाली व्हय."

सगळे हसले. बाबा पावलांकडे पाहत राहिले. सतरंजीखाली काही झाकली गेली, काही राहिली. प्रार्थनेची पाळी माझ्यावर आली तेव्हा नेहमीची वाक्यं सुचलीच नाहीत. मी एवढंच म्हणाले, "प्रभू, मी थकले आहे." काम करता करता आजवर केलेल्या सगळ्या प्रार्थनांपेक्षा ही खरी होती, असं मला वाटतं. खात्रीने सांगता येत नाही.

सोमवारी उठले तेव्हा पाण्याचा गुंड जागेवर नव्हता. बाबा तो भरून, खांद्यावर घेऊन विहिरीकडून येत होते. मागे बायका हसत होत्या. त्यांनी पाणी ओतलं, "गाडीचा टाइम झाला," म्हणाले आणि कामावर निघून गेले.

भांडी तशीच पडली होती. मी घासायला बसले.